दोन शिक्क्यांची खिडकी : ‘पेपर्स, प्लीज’मधील एका प्रसंगाचा प्रकरण अभ्यास

‘पेपर्स, प्लीज’ या संगणकीय खेळात पाचव्या दिवशी एक प्रसंग येतो. सीमेवरील तपासणी खिडकीपाशी एक पुरुष उभा राहतो, त्याची कागदपत्रे बिनचूक असतात, आणि आत जाता जाता तो एवढेच सांगून जातो की माझी बायको माझ्या मागेच आहे, तिला सांभाळून घ्या. पाठोपाठ ती येते. तिच्याकडे पासपोर्ट असतो, पण प्रवेश परवाना नसतो, आणि तो परवाना तर नुकताच सक्तीचा झालेला असतो. विचारले असता ती सांगते की परवाना मला दिला नाही, परत गेले तर मला मारून टाकतील. खेळणाऱ्याच्या हाती दोन शिक्के असतात, एक हिरवा आणि एक लाल.

हा अभ्यास या एका प्रसंगापुरता आहे. लालबागमध्ये माझ्या शेजारी राहणाऱ्या एका काकूंनी हा खेळ चार संध्याकाळी खेळला आणि त्यांपैकी दोन संध्याकाळी त्या याच प्रसंगापाशी थांबल्या. काकूंनी १९७९ ते २०१६ अशी ३७ वर्षे मुंबईच्या शिधावाटप यंत्रणेत नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षे खिडकीमागे काढली. खेळाविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात हा प्रसंग बहुधा सदसद्विवेकाची परीक्षा म्हणून मांडला जातो : एका बाजूला नियम आणि नोकरी, दुसऱ्या बाजूला दया. काकूंच्या शेजारी बसून तो पाहिल्यानंतर माझे मत बदलले. त्यांनी कोणता शिक्का मारला यापेक्षा, शिक्का मारण्यापूर्वी त्या टेबलावर काय शोधत होत्या, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

खेळाची रचना

हा खेळ लुकास पोप या एकट्या माणसाने तयार केला. चित्रे, संगीत, लेखन आणि संगणकीय आज्ञावली हे सारे त्याचेच आहे. तो मूळचा अमेरिकन. एका मोठ्या खेळनिर्मिती कंपनीतील नोकरी सोडून २०१० मध्ये तो जपानला गेला. परदेशी नागरिक म्हणून आशियातल्या विमानतळांवरून ये-जा करताना पारपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचे काम तो पाहत राहिला, आणि त्या कामातच एक खेळ दडलेला आहे असे त्याला वाटले. २०१२ मध्ये त्याने वृत्तपत्राच्या संपादकाला सरकारी दडपणाखाली बातम्या निवडायला लावणारा ‘द रिपब्लिया टाइम्स’ हा छोटा खेळ केला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस हाती घेतलेला ‘पेपर्स, प्लीज’ ८ ऑगस्ट २०१३ रोजी प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये स्वतंत्र खेळांच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचा पुरस्कारही मिळाला. दहा वर्षांत त्याच्या ५० लाख प्रती विकल्या गेल्या.

खेळ घडतो तो आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशात. शेजारच्या कोलेचियाशी सहा वर्षे चाललेले युद्ध नुकतेच संपले आहे, दोन तुकड्यांत विभागलेल्या ग्रेस्टिन शहराची सीमा उघडली आहे, आणि सरकारी श्रम-सोडतीत आपले नाव निघाल्यामुळे आपण पूर्व ग्रेस्टिनच्या तपासणी चौकीत निरीक्षक म्हणून रुजू होतो. नोकरीबरोबर राहायला घरही मिळते. (म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून बसलेल्या मुंबईकराला ही सुरुवात वेगळी समजावून सांगावी लागत नाही.) सकाळी सहाला काम सुरू होते आणि संध्याकाळी सहाला संपते. भोंग्यावर टिचकी मारली की रांगेतला पुढचा माणूस आत येतो, कागद सरकवतो, आपण ते पडताळतो, शिक्का मारतो, परत देतो. खेळायचे ते एवढेच. पासपोर्टची मुदत, छायाचित्र, ज्या शहराने तो दिला ते शहर, लिंग, वजन, येण्याचे कारण यांत कुठेही मेळ बसत नसेल तर त्या दोन गोष्टींवर बोट ठेवून जाब विचारता येतो. रोज सकाळी नवे परिपत्रक येते आणि कालचा नियम आज अपुरा पडतो.

बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे ५ क्रेडिट मिळतात. चूक झाली तर यंत्रातून कर्रकर्र आवाज करत प्रवेश मंत्रालयाची चिठ्ठी बाहेर येते. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद असते, तिसरीपासून दंड. रात्री हिशेबाचे पान येते : भाडे, अन्न, ऊब, कोणी आजारी असेल तर औषध. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका असतात. पैसे पुरले नाहीत तर कोणत्या गोष्टीवर काट मारायची हे आपणच ठरवायचे.

मातकट, करडे रंग, ठोकळेबाज चेहरे, सुरुवातीला वाजणारे जड पावलांचे संचलनगीत, आणि माणसांच्या बोलण्याऐवजी ऐकू येणारी अस्पष्ट घरघर, यांतून एक थंड वातावरण तयार होते. खेळाचा उपहास या वातावरणात जितका आहे, त्याहून अधिक तो टेबलाच्या मापात आहे. टेबल मुद्दाम अरुंद ठेवले आहे. पासपोर्ट उघडला की परवाना झाकला जातो, परवाना वर घेतला की नियमपुस्तिका खाली जाते. माणूस समोर उभा असताना आपण कागदांखालून कागद काढत राहतो आणि घड्याळ पुढे सरकत राहते. राज्ययंत्रणेवरची टीका यात कोणी शब्दांत मांडत नाही, ती हाताला जाणवते.

खेळाडू आणि पद्धत

काकू आज ६७ वर्षांच्या आहेत. त्यांनी यापूर्वी मोबाइलवरच्या पत्त्यांपलीकडे कोणताही खेळ खेळला नव्हता. हा खेळ अनेक भाषांत उपलब्ध असला तरी मराठीत नाही. छापील नमुने वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे पासपोर्ट, परवाने आणि नियमपुस्तिका त्यांनी इंग्रजीतच वाचली. रांगेतल्या माणसांचे बोलणे मात्र मी मराठीत सांगत गेलो. त्यामुळे त्या माणसांचा आवाज त्यांच्यापर्यंत माझ्या तोंडून पोहोचला, आणि या अभ्यासाचे निष्कर्ष वाचताना ही बाब लक्षात ठेवायला हवी. काय करावे हे मी त्यांना फक्त एकदाच सांगितले. तो उल्लेख पुढे येईल. त्या बोलत तसे मी वहीत टिपून घेत होतो आणि त्या टिपणांवरून लिहिण्यास त्यांची संमती आहे.

पहिल्या संध्याकाळी त्यांचा वेग पाहून मी चकित झालो. नवखे खेळाडू पहिल्या दोन दिवसांत टेबलावर पसारा करतात. काकूंनी पहिल्याच माणसाच्या वेळी टेबलाचे भाग पाडले : पासपोर्ट डावीकडे, नियमपुस्तिका उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, मधली जागा मोकळी. आधी मुदत, मग छायाचित्र, मग शहर, हा क्रम त्यांनी एकदाही मोडला नाही. “मुदत संपलेली असली तर बाकीचं बघायचंच कशाला?” असे त्या म्हणाल्या, आणि पहिल्या चार दिवसांत त्यांच्या नावावर एकच ताकीद लागली.

ती ताकीद मिळाली तेव्हा त्यांनी एक प्रश्न विचारला. चिठ्ठी माणूस आत गेल्याबरोबर, क्षणाचाही उशीर न होता आली होती. “हे तपासतं कोण? ज्याला इतक्या लगेच चूक कळते, तो स्वतःच का नाही बसत खिडकीवर?” त्यांच्या नोकरीत चूक सापडे ती लेखापरीक्षणात, कधी दोन वर्षांनी तर कधी पाच वर्षांनी, आक्षेप येई आणि त्यावर खुलासा द्यावा लागे. इथे चूक पकडणारा दिसत नाही, पण त्याला सगळे ठाऊक असते. मी हा खेळ अनेकदा खेळलो आहे आणि त्या चिठ्ठीकडे केवळ गुण कमी होण्याची खूण म्हणून पाहत आलो आहे. ज्याच्याजवळ संपूर्ण माहिती आहे असे सरकार एका माणसाला अपुऱ्या माहितीच्या आधारे चुका करायला बसवते, ही विसंगती मला काकूंच्या प्रश्नाने दिसली.

पगाराविषयीही त्या थांबल्या. त्यांचे वडील गिरणीत साचेखात्यात होते आणि त्यांची मजुरी विणलेल्या कापडावर ठरे. “बाबांचा हिशेब वारावर होता, पण तो कापडाचा. माणशी पैसे मिळत असते तर आमच्या खिडकीवर कोणी कोणाचं ऐकून घेतलं असतं?” खेळातल्या निरीक्षकाला कोणी क्रूर व्हायला सांगत नाही. त्याला फक्त नगावर पैसे दिले जातात, आणि समोरच्या माणसाची कहाणी ऐकण्यात गेलेला प्रत्येक मिनिट त्याच्या मुलाच्या औषधातून वजा होतो.

पाचवा दिवस

दुसऱ्या संध्याकाळी तो नवरा आला. काकूंनी त्याचे कागद नेहमीच्या क्रमाने पाहिले, हिरवा शिक्का मारला, आणि त्याचे बोलणे मी सांगितल्यावर मान हलवली. मग ती आली. पासपोर्ट ठीक होता. परवान्याची जागा रिकामी पाहून काकूंनी नियमपुस्तिकेतल्या परवान्याच्या नियमावर आणि रिकाम्या टेबलावर बोट ठेवले. तिचे उत्तर आले. मी ते सांगितले.

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. खेळातले घड्याळ चालू होते आणि बाहेर रांग उभी होती. मग त्यांनी नियमपुस्तिका उघडली आणि पहिल्या पानापासून चाळायला घेतली. काय शोधता, असे मी विचारले.

“हिला परवाना मिळतो कुठे, ते.”

ते पुस्तिकेत नव्हते. त्या पुस्तिकेत कोणते कागद लागतात हे आहे, ते कसे दिसतात हे आहे, कोणत्या देशाची कोणती शहरे ग्राह्य धरायची हेही आहे. एखाद्याजवळ कागद नसेल तर त्याने कुठे जायचे, याविषयी त्यात एक ओळही नाही. काकूंनी दोन वेळा पाने उलटली. मग विचारले, “हिला बाजूला उभं करता येत नाही? मागच्याचं घेऊ, तोवर नवऱ्याला बोलवू.” येत नाही, मी म्हणालो. “तात्पुरतं? पंधरा दिवसांची मुदत घालून?” तेही येत नाही.

या टप्प्यावर मी त्यांना ती एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी त्यांना एकही ताकीद मिळालेली नव्हती, म्हणजे तिला आत सोडले तरी खिशातून काही जाणार नव्हते. अनुभवी खेळाडू या दोन फुकट चुका नेहमी राखून ठेवतात आणि अशा माणसांसाठी वापरतात. काकूंना हे पटले नाही. “रोजच्या दोन म्हणजे तिसरी आली की तिचं नशीब. हा काय नियम झाला?” त्यांनी लाल शिक्का मारला. ती स्त्री डावीकडे निघून गेली. चिठ्ठी आली नाही. खेळाच्या हिशेबात ५ क्रेडिट जमा झाले आणि पुढचा माणूस खिडकीशी आला. काकूंनी त्या दिवसाचे उरलेले काम पूर्ण केले, रात्रीच्या पानावर सगळ्यांना अन्न आणि ऊब दिली, आणि उद्या खेळू म्हणाल्या.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी मागे जाता येते का, असे विचारले. या खेळात कोणत्याही जुन्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करता येते आणि तिथून वेगळी फांदी फुटते. त्या पाचव्या दिवसावर परतल्या, नवऱ्याला आत सोडले, बायकोला हिरवा शिक्का मारला. चिठ्ठी आली. काकूंनी ती उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली, वाचली, आणि तिचा खालचा भाग निरखून पाहत विचारले, “यात माझा खुलासा कुठे लिहायचा?”

खुलाशाला जागा नव्हती.

काय काढून घेतले आहे

मला या दोन प्रश्नांत प्रकरणाचा गाभा दिसतो. परवाना कुठे मिळतो आणि खुलासा कुठे लिहायचा, हे दोन्ही प्रश्न खेळात उत्तर नसलेले आहेत, आणि ते नसणे ही निर्मात्याची उणीव नाही. खिडकीवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या हाताला जी साधने सवयीची असतात, त्यांतली दोन या टेबलावरून उचलून नेलेली आहेत.

काकूंच्या कामाचे स्वरूप इथे थोडे सांगायला हवे. मुंबईत शिधापत्रिकेवर नाव चढवायचे तर आधीच्या पत्रिकेतून ते कमी केल्याचा दाखला लागतो. कोकणातून, साताऱ्यातून किंवा कोल्हापुराकडून लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव माहेरच्या कार्डात असते. नवऱ्याचे नाव मुंबईच्या कार्डात. नवरा-बायको दोघेही खिडकीशी येतात, त्याचे कागद बिनचूक असतात, तिच्याकडे दाखला नसतो. म्हणजे पाचव्या दिवसाचा तो प्रसंग, त्यातली जिवाची भीती वजा केली तर, काकूंनी ३७ वर्षांत हजारो वेळा हाताळला होता. आणि त्या प्रत्येक वेळी त्यांनी होकारही दिला नव्हता आणि नकारही. अर्जाच्या मागे किंवा कागदाच्या कपट्यावर त्या पेन्सिलीने लिहून देत : तहसील कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला, लग्नाचा पुरावा, नवऱ्याचे मूळ कार्ड, झेरॉक्स दोन, अमुक वारी सकाळी या. तो कपटा घेऊन माणूस गावी जाई आणि महिन्याने परत येई.

हा तिसरा मार्ग कायद्याच्या पुस्तकात शिक्का म्हणून नसतो, पण त्याच्यामुळे खिडकी चालते. पोपने तो काढून टाकला आणि दोन शिक्के ठेवले. खेळणे सोपे व्हावे म्हणून ही काटछाट झाली असे मी इतके दिवस समजत होतो. आता मला वाटते की या खेळाचा उपहास नेमका तिथेच आहे. एकाधिकारशाहीचे चित्र काढताना त्याने फार छळ दाखवला नाही. कारकुनाच्या हातातली पेन्सिल तेवढी काढून घेतली. पेन्सिल नसलेला चांगला कारकून आणि वाईट कारकून समोरच्या माणसाला सारखाच दिसतो.

या मताला खेळातूनच एक आधार मिळतो. जॉर्जी नावाचा एक हसतमुख म्हातारा या खिडकीवर वारंवार येतो. पहिल्यांदा तो पासपोर्टच न घेता येतो. तो लागतो हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी रंगीत खडूने घरीच काढलेला, अस्तित्वात नसलेल्या कोब्रास्तान देशाचा पासपोर्ट आणतो. पुढे खरा पासपोर्ट आणतो, तर दुसराच कुठला कागद राहिलेला असतो. काकूंना तो फार आवडला. असा एक प्रत्येक कार्यालयात येतो, असे त्या म्हणाल्या. काय कमी आहे हे ऐकून, जाऊन, काहीतरी घेऊन परत येणारा माणूस म्हणून खेळ आपल्याला सुरुवातीला जॉर्जीच दाखवतो. म्हणजे तिसरा मार्ग आर्स्टोट्झ्कात आहे, पण तो विनोदी पात्राच्या वाट्याला आला आहे. परत येण्याइतका वेळ आणि चिवटपणा ज्याच्याजवळ आहे त्याच्यासाठी नकार ही गंमत ठरते. त्या स्त्रीला परत येण्याची सोयच नाही, आणि एकाच लाल शिक्क्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवण्यात पोपची लेखक म्हणून ताकद दिसते.

या वाचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि तो काकूंनीच घेतला. पेन्सिलीचा कपटा सगळ्यांच्या हातात सारखा नसतो. ‘उद्या या’ हाही तिसराच मार्ग आहे. साहेब नाहीत, सर्व्हर बंद आहे, आणखी एक प्रतिज्ञापत्र लागेल, असे सांगून माणसाला सहा खेपा घालायला लावता येतात, आणि त्या खेपांना कंटाळून तो चहापाण्याचे विचारतो. “आमच्याकडे असे होते. मी नाव घेणार नाही, पण होते,” असे त्या म्हणाल्या. निश्चित मुदतीत सेवा आणि नाकारल्यास लेखी कारण मिळण्याचा हक्क महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दिला, तो याच अनुभवातून. दोनच शिक्के असलेली खिडकी निदान जागेवर उत्तर देते, हे तिच्या बाजूने मान्य करावे लागते. तरीही माझा निष्कर्ष मागे घ्यावा असे मला वाटत नाही. तिसऱ्या मार्गाचा गैरवापर करणाऱ्याला जबाबदार धरता येते, कारण त्याच्याजवळ निवड होती. पोपच्या निरीक्षकाला नेमकी तीच गोष्ट नाकारलेली आहे, आणि म्हणून त्याच्या खिडकीवर घडणाऱ्या कोणत्याही गोष्टीला तो पूर्णपणे जबाबदारही नसतो आणि पूर्णपणे निर्दोषही.

पुढे कालेन्स्क नावाचा पहारेकरी येऊन सुचवतो की तुम्ही माणसे अटकेसाठी पाठवलीत तर मला जादा पैसे मिळतात, त्यातला वाटा तुम्हाला देईन. काकूंनी तो संवाद ऐकून घेतला आणि अटकेच्या बटणाला एकदाही हात लावला नाही. मी कारण विचारले नाही.

१९८२

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली आहे, कारण ती खेळाच्या रचनेतून आलेली नाही. खेळाच्या पहिल्या दिवसाची तारीख २३ नोव्हेंबर १९८२ आहे. पहिल्या संध्याकाळी पासपोर्टची मुदत पडताळण्यासाठी काकूंची नजर तारखेवर गेली आणि त्या थबकल्या. “ब्याऐंशीचा नोव्हेंबर,” त्या म्हणाल्या, आणि कामाला लागल्या. त्याविषयी त्या बोलल्या चौथ्या संध्याकाळी.

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. मुंबईतील सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. नोव्हेंबरात त्याला दहा महिने झाले होते. काकूंचे वडील संपावर होते, त्या स्वतः २४ वर्षांच्या होत्या, आणि पाच माणसांच्या घरात येणारा पगार फक्त त्यांचा होता. त्या महिन्यांत खिडकीवर येणाऱ्यांमध्ये नाव कमी करायला आलेले लोक वाढले होते, असे त्या सांगतात. मुंबईत खर्च भागेना म्हणून बायका-मुलांना गावी पाठवायचे, तर तिथल्या कार्डात नावे चढवण्यासाठी इथली नावे काढावी लागत. पण कार्ड हाच मुंबईत राहत असल्याचा पुरावा होता, त्यामुळे नाव काढले की परत येण्याचा रस्ता अरुंद होतो, हे त्या माणसांना ठाऊक होते. अर्ज पुढे सरकवून ती माणसे तो सोडत नसत. काकू त्यांना विचारत की एकट्या पोरांची नावे काढू का, तुमचे आणि बायकोचे राहू दे. आणि पुष्कळदा अर्ज दुरुस्त करून देत.

पूर्व युरोपची छाया असलेला तो काल्पनिक देश आणि गिरणगाव यांचा काही संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. तारीख जुळली तो योगायोगच आहे. परंतु त्या योगायोगामुळे मला एक गोष्ट समजली, जी मी एरवी नोंदवू शकलो नसतो. रात्रीच्या हिशेबाच्या पानावर बहुतेक खेळाडू आधी ऊब कापतात, कारण एका रात्रीच्या थंडीने कोणी मरत नाही हे त्यांच्या लवकर ध्यानात येते. काकूंनी चार संध्याकाळींत एकदाही अन्न वा ऊब कापली नाही. त्याऐवजी त्या दुसऱ्या दिवशी अधिक वेगाने काम करत. घर चालवण्याचा भार वेगावर टाकायचा, घरच्यांवर टाकायचा नाही, ही त्यांची १९८२ मधली रीत होती. वेग वाढला की खिडकीपुढच्या माणसाला मिळणारा वेळ कमी होतो, हे खेळाने त्यांच्या लक्षात आणून दिले, आणि त्या वर्षी आपल्याकडून काही माणसे घाईत गेली असतील का, असे त्या मला विचारत होत्या. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

एका खेळाडूवरून सर्वांविषयी बोलता येत नाही, आणि काकू सर्वसामान्य खेळाडू नव्हेत. कागद नसलेल्या माणसाच्या बाजूने रांगेत उभ्या राहिलेल्या कोणी हाच प्रसंग खेळला असता तर त्याने दुसऱ्याच गोष्टी शोधल्या असत्या, आणि तसा अभ्यास व्हावा असे मला मनापासून वाटते. या प्रकरणापुरते मी एवढे म्हणतो की ज्याने खरी खिडकी चालवली आहे त्याला या खेळात काय नाही ते आधी दिसते, आणि पोपने जे लिहिले आहे ते त्या नसलेल्या गोष्टींच्या आकारातच लिहिले आहे.

चौथ्या संध्याकाळी उठताना काकू तिसऱ्या फांदीची सुरुवात करून गेल्या. पाचवा दिवस, नवरा आत गेलेला, बायको खिडकीशी उभी, शिक्का अजून मारलेला नाही. लॅपटॉपशेजारी त्यांनी कालनिर्णयाच्या फाडलेल्या पानाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहून ठेवले होते : ‘प्रवेश परवाना. नवऱ्याच्या पासपोर्टची झेरॉक्स. नवऱ्याला सोबत आणणे. सकाळी सहाला रांगेत पुढे उभे राहणे. परवाना मिळण्याचे ठिकाण :’ आणि त्यापुढची जागा त्यांनी मोकळी सोडली होती.